पाचारण एकाला, संसार सगळ्यांचा: मिशनरी घरांतली बायकापोरं

कंपाउंडवाली

बरेच महिने वाचनमात्र आहे, आज धागा काढतेय. विषय जरा आडवळणाचा आहे. मिशनरी म्हटलं की इथे दोनच गोष्टी निघतात, एकतर शाळा-दवाखाने-छापखाने काढले म्हणून कौतुक, नाहीतर बाटवाबाटवी म्हणून शिव्या. दोन्हीवर रग्गड धागे आहेत तेव्हा ते इथे नको. मला बोलायचंय ते घराबद्दल. म्हणजे साहेब सकाळी घोड्यावर बसून गावोगाव सुवार्ता सांगायला गेला, ठीक, पण मागे बंगल्यात कोण होतं, तापाने फणफणलेल्या पोराला मांडीवर घेऊन कोण बसलं होतं, आणि त्या पोराला हे सगळं हवं होतं की नको हे कुणी विचारलं का?

मी स्वतः नगर जिल्ह्यात मिशन कंपाउंडमध्ये वाढले. आजोबा प्रचारक, वडील पाळक (म्हणजे चर्चचे पास्टर). गोऱ्या साहेबाचं घर नव्हतं आमचं, पण घराची घडी तीच. सकाळ-संध्याकाळ कौटुंबिक प्रार्थना, वचनांचं पाठांतर, आणि घरातला मोठा माणूस कायम दुसऱ्याच्या घरी.

सुरुवात विल्यम कॅरीपासून करते. आपल्याला तो माहीत असतो मराठीचं व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) श्रीरामपूरला छापणारा म्हणून (बंगालातलं श्रीरामपूर, आमच्या नगरचं नव्हे). त्याची बायको डोरोथी. लग्नाच्या वेळी तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. १७९३ ला कॅरीने हिंदुस्थानात जायचं ठरवलं तेव्हा ती गरोदर होती आणि तिने सरळ नाही म्हणून सांगितलं. हा गडी मोठ्या पोराला, फेलिक्सला, घेऊन एकटाच निघाला. जहाजाचं काहीतरी फिसकटलं म्हणून परत यावं लागलं, तोवर ती बाळंत झालेली, मग पुन्हा मनधरणी, आणि शेवटी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते या अटीवर ती तान्ह्या बाळासकट चार पोरं घेऊन जहाजात चढली. पुढच्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. खड्डा खणायला माणसं मिळेनात. त्यानंतर डोरोथीचं डोकं जे फिरलं ते १८०७ ला मरेपर्यंत ठिकाणावर आलं नाही. नवऱ्यावर भलते संशय, आरडाओरडा, खोलीत कोंडून ठेवायची वेळ आली. आणि शेजारच्या खोलीत कॅरी भाषांतर करत बसलेला. आपलं मराठी व्याकरण त्याच वर्षांतलं आहे.

आता त्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगते. २८ डिसेंबर १८००. हुगळीच्या पाण्यात कॅरीने दोघांना बाप्तिस्मा दिला, एक कृष्ण पाल, त्यांचा पहिला बंगाली ख्रिस्ती, आणि दुसरा स्वतःचा मुलगा फेलिक्स. मिशनच्या इतिहासात हा सोन्याचा दिवस म्हणून सांगतात. त्या वेळी फेलिक्सची आई घरात कोंडलेली होती.

मी हे संडे स्कूलमध्ये कधीच ऐकलं नाही. कॅरी साहेबांचा धडा मात्र तोंडपाठ होता.

तर प्रश्न असा की पाचारण (देवाचं बोलावणं) एका माणसाला होतं आणि संसार सगळ्यांचा त्यात ओढला जातो, याच्याबद्दल तुम्ही काय वाचलंय, पाहिलंय? आपल्याकडची उदाहरणं असतील तर फारच बरं.

---

गोदातीर

बापरे. वाचतोय. त्या फेलिक्सचं पुढे काय झालं?

---

जुनाट_पोथी

@गोदातीर, फेलिक्सची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. आई अशी आणि बाप कामात, त्यामुळे १८०० च्या सुमारास ही पोरं जवळपास मोकाट होती. त्यांना माणसात आणलं ते हॅना मार्शमन आणि विल्यम वॉर्ड या दोघांनी. हॅनाबाई म्हणजे जोशुआ मार्शमनची बायको. श्रीरामपूरला सगळ्या कुटुंबांचं जेवण एका पंगतीला आणि पैसा एका तिजोरीत अशी व्यवस्था होती, आणि तो गाडा बाई ओढायच्या, वर शाळा चालवायच्या. वॉर्डने फेलिक्सला छापखान्यात हाताशी घेतलं. कॅरी, मार्शमन, वॉर्ड असं त्रिकूट म्हणतात, हॅनाबाईंना चौथ्या का धरत नाहीत देव जाणे.

फेलिक्स १८०७ ला ब्रह्मदेशात मिशनरी म्हणून गेला. १८१४ ला नाव उलटली आणि त्याची बायको-मुलं बुडाली. त्यानंतर तो ब्रह्मी राजाचा वकील (म्हणजे राजदूत) म्हणून कलकत्त्याला आला, थाटमाट, कर्ज, मिशन सुटलं. कॅरीला याचं फार वाईट वाटलं, पोरगा मिशनरी होता तो वकील झाला म्हणून. काही वर्षं असाच भटकून तो श्रीरामपूरला परतला, भाषांतराची कामं केली आणि १८२२ ला गेला. वय चाळिशीच्या आतच.

बापाच्या नजरेत राजाचा वकील होणं ही अधोगती! बाकीच्या घरांत पेढे वाटले असते.

---

टवाळ_आबा

मला जरा वेगळं बोलू द्या, हलके घ्या. यांचे बंगले बघितलेत का? उंच छपरं, चारी बाजूंनी व्हरांडा, खानसामा, आया, माळी, घोडेवाला. उन्हाळ्यात महाबळेश्वर. आपले लोक दुष्काळात मरत होते आणि इथे आपण मडमांच्या दुःखाचे कढ काढतोय. आणि कुणी बोलावलं होतं म्हणे?

---

कंपाउंडवाली

आबा, राग नाही. बंगले होतेच, आमच्या कंपाउंडमधला तर अजून उभा आहे. नोकरही होते, आणि आयांबद्दल तर वेगळा धागा काढता येईल, कारण पोरांचे पहिले शब्द आयांकडून आलेले असायचे. पण उंच छपराने कॉलरा थांबत नव्हता हो.

गॉर्डन हॉल घ्या. १८१३ ला मुंबईत आलेला, अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या माणसांपैकी एक. १८२५ ला बायको पोरांना घेऊन अमेरिकेला निघाली, हा कामासाठी मागे राहिला, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकच्या बाजूला फिरतीवर असताना कॉलऱ्याने गेला. किंवा मार्गारेट विल्सन, आपल्या विल्सन कॉलेजवाल्या जॉन विल्सनची बायको. १८२९ ला मुंबईत आली, मराठी शिकली, मुलींच्या शाळा काढल्या, १८३५ ला वारली. मुलगा अँड्र्यू तेव्हा चार वर्षांचा. तो पुढे पत्रकार आणि प्रवासी झाला, मिशनरी नाही झाला.

आणि कुणी बोलावलं होतं हे बायकापोरांना विचारून काय उपयोग? तेच तर म्हणतेय मी.

पोरांना मायदेशी पाठवणं हा तर नियमच असल्यासारखा होता. सुएझचा कालवा झाला १८६९ ला, त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिने समुद्रात. म्हणजे सहा-सात वर्षांचं पोर नातेवाइकांकडे नाहीतर बोर्डिंगला सोडायचं, पत्र टाकायचं, आणि उत्तर येईपर्यंत त्या पोराचे दात पडून नवीन आलेले. परत भेट झालीच तर ते आईला अहोजाहो करण्याच्या वयाचं.

---

रेवतीची_आई

धागा आवडला ताई. मी हिंदू घरातली, पण लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र शाळेत असताना आईने हातात दिलं त्यामुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हापासून आहे. ते घर म्हणजे तुमच्या कॅरीच्या घराचं मराठी रूप, फक्त शेवट वेगळा.

नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई सोवळ्यातल्या घरातल्या, अक्षरओळखही टिळकांनीच लावलेली. एका दिवसात नवरा जिवंत असून नसल्यासारखा. काही वर्षं दोघं वेगळे राहिले, दत्तू आईजवळ. मग त्या नगरला आल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत बरं का. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, आणि टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. हळूहळू जातीचं सोवळं आतून सुटत गेलं आणि १९०० ला त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

मला यात खरी श्रद्धेची गोष्ट दिसते ती लक्ष्मीबाईंची, टिळकांची नाही. टिळक कवी माणूस, पेटले की पेटले. या बाईने मात्र रोजच्या भांड्याकुंड्यांत, भांडणांत, विटाळात एकेक करून तपासून घेतलं. आणि संसार काय सोपा होता? टिळक कुणालाही घरी घेऊन यायचे, हातातलं देऊन टाकायचे, घरात परकी पोरं वाढायची आणि सगळ्यांच्या तोंडात घास घालायची चिंता हिची. १९१७ ला टिळकांनी मिशनची नोकरीही सोडली, देवाचा दरबार नावाचा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला. म्हणजे पगारही गेला. आणि हे सगळं त्या बाईने इतकं हसत सांगितलंय की वाचताना आपल्याला राग यायचा राहून जातो.

---

टवाळ_आबा

हे मान्य. लक्ष्मीबाईंपुढे आपण दंडवत. पण त्या लिहू शकल्या म्हणून आपल्याला कळलं. डोरोथीने काय लिहिलं असतं?

---

फिरस्ता_परदेशी

मी काही वर्षं दक्षिणेत एका थंड हवेच्या ठिकाणी बोर्डिंग शाळेत शिकवत होतो, शाळेचं नाव घेत नाही. मुळात अशा शाळा मिशनरी मुलांसाठीच निघाल्या. मसुरीची वुडस्टॉक १८५४ ची, कोडाईकनालची १९०१ ची. कल्पना अशी की पोरांना साता समुद्रापार पाठवण्यापेक्षा निदान डोंगरावर तरी ठेवू, उन्हाळ्यात आईबाप वर येतील, थंडीत शाळा बंद झाली की पोरं खाली घरी. त्या मानाने ही सुधारणाच. पण जुन्या माजी विद्यार्थ्यांशी बोलताना एक गोष्ट वारंवार यायची, की घरची आठवण येते असं म्हणायची सोय नव्हती, कारण आईबाप काही मजा मारायला गेलेले नाहीत, देवाचं काम करतायत, मग तक्रार करणार कुणाविरुद्ध, देवाविरुद्ध? सात वर्षांच्या पोराला हे झेपत नाही हो. काही आयुष्यभर घट्ट श्रद्धाळू राहिले, काही चर्चच्या दारातूनही परत गेले नाहीत, आणि गंमत म्हणजे दोन्ही प्रकारचे लोक स्वप्नात तमिळ किंवा मराठी बोलतात. तुमचं गाव कोणतं विचारलं की गडबडतात. या पोरांसाठी थर्ड कल्चर किड असा शब्द वापरतात, तो रूथ हिल युसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंचा, आणि त्यांचं १९५० च्या दशकातलं काम भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांवरच होतं.

एरिक लिडेलचं उदाहरण इथे यायलाच हवं. तोच, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी शर्यत आहे म्हणून १०० मीटर सोडणारा आणि मग ४०० मीटरचं सुवर्ण घेणारा. जन्म चीनमधल्या तिआनजिनचा, १९०२. आईबाप मिशनरी. पाच-सहा वर्षांचा असताना मोठ्या भावाबरोबर लंडनच्या मिशनरी मुलांच्या शाळेत सोडला आणि आईबाप चीनला परत. हा माणूस मोठेपणी स्वतः चीनला मिशनरी म्हणून गेला, मिशनरीच्याच मुलीशी लग्न केलं. १९४१ ला युद्ध जवळ आलं म्हणून गरोदर बायको आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवलं, स्वतः थांबला. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिली नाही. जपान्यांच्या वेइशिएन छावणीत फेब्रुवारी १९४५ ला मेंदूच्या गाठीने गेला. त्या छावणीत एक अख्खी मिशनरी मुलांची शाळा होती, चीफू स्कूल, आईबापांपासून तुटलेली, आणि ती पोरं त्याला एरिक काका म्हणायची. दुसऱ्यांच्या पोरांना हा बाप मिळाला. स्वतःच्या तिघींना नाही मिळाला.

---

पाळकाचं_पोरगं

अरे हा तर आपला धागा निघाला! कंपाउंडवाली ताई सलाम.

गोऱ्यांचं सोडा, देशी पाळकाच्या घरची एक बाजू मांडतो. पहिली गोष्ट म्हणजे बदली. दर काही वर्षांनी गाव बदलायचं, शाळा बदलायची, दोस्त गेले. घर मंडळीचं (म्हणजे चर्चचं), आपलं काहीच नाही, भिंतीला खिळा ठोकायचा तरी कमिटी. दुसरी गोष्ट म्हणजे पाळकाचा मुलगा असून! पाळकाचा मुलगा असून सिनेमाला गेला, पाळकाचा मुलगा असून नापास झाला, पाळकाचा मुलगा असून उपासनेत झोपला. अहो रात्री दोन वाजेपर्यंत कुणाच्या तरी मयताला बापाबरोबर मीच कंदील धरून गेलो होतो, झोपणार नाही तर काय.

नाताळ म्हणजे सगळ्यांना सुट्टी, आमच्याकडे वर्षातला सगळ्यात कामाचा आठवडा. पप्पा घरोघरी, आणि आमच्या घरी मम्मी एकटी आल्यागेल्याला चहा-फराळ देतेय. रविवारच्या उपदेशात क्षमा आणि शांती, घरी पप्पा डबल टेन्शनमध्ये कारण मंडळीत दोन गट पडलेले.

आणि तरी सांगतो. मी आता चर्चला नियमित जात नाही, बायको जाते. पण पप्पा आयसीयूमध्ये होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून २३ वं स्तोत्र आपोआप तोंडात आलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. ते पाठ व्हावं म्हणून लहानपणी मार खाल्लेला. आता ही श्रद्धा की नुसती सवय, मला ठरवता आलेलं नाही आणि घाईही नाही.

---

गोदातीर

+१ आणि शेवटच्या परिच्छेदाला दोनदा.

ग्लॅडिस स्टेन्सबाईंची आठवण आली. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि दोन मुलगे, फिलिप दहा वर्षांचा आणि टिमथी सहा, गाडीत झोपलेले असताना जाळले. बाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली असं जाहीर सांगितलं आणि मुलीला घेऊन २००४ पर्यंत बारीपदालाच राहून कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. मी नास्तिक माणूस, पण मला ती क्षमा आजही कळत नाही, आणि खोटीही वाटत नाही.

---

टवाळ_आबा

यावर टवाळी नाही.

पोथीबुवा, पंडिता रमाबाईंच्या मुलीचं काय? बाप लहानपणीच गेला, आई जगभर फिरतेय.

---

जुनाट_पोथी

आबा, चांगला विषय काढलात. मनोरमा, जन्म १८८१ चा. रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि १८८३ ला वाँटेजच्या जोगिणींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्मआई, आणि या दोघींचा जो पत्रव्यवहार आहे त्यात पोरीला धर्म कसा शिकवायचा यावरून चांगली जुंपलेली आहे. सिस्टरांचं म्हणणं, चर्च सांगतं ते मुकाट शिकव. रमाबाईंचं म्हणणं, मी एका पुरोहितशाहीतून कशीबशी बाहेर आलेय ती दुसरीत शिरायला नाही, आणि माझ्या मुलीच्या मनात काय घालायचं ते मी ठरवीन (शब्द माझे, आशय त्यांचा). १८८० च्या दशकात एक विधवा हिंदू-ख्रिस्ती बाई, ज्यांच्या आश्रयाला आहे त्यांनाच हे सुनावतेय!

पण मनोरमेला काय हवं होतं हे त्या पत्रांत कमीच सापडतं. ती मोठी झाली, शिकली, केडगावच्या मुक्तीत, म्हणजे रमाबाईंच्या आश्रमात, आईचा उजवा हात झाली, गुलबर्ग्याला शाळा काढली. आणि घर म्हणजे काय, तर १८९६-९७ च्या दुष्काळानंतर आलेल्या शेकडो मुली. सगळ्यांची आई तीच हिची आई. १९२१ ला मनोरमा गेली, चाळिशीची, रमाबाई पुढच्या एप्रिलमध्ये, १९२२. मधले महिने त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम संपवत होत्या.

अवांतर: नगरच्या ह्यूम घराण्यावर कुणीतरी लिहा. रॉबर्ट अॅलन ह्यूम १८४७ ला मुंबईत जन्मलेला, बाप १८५४ ला मायदेशी जाताना जहाजावरच वारला, आईने अमेरिकेत पोरं वाढवली, आणि हा पठ्ठ्या १८७४ ला हिंदुस्थानात परत, नगरला! बाप ज्या कामात गेला त्याच कामाला. यातलं किती आईने पेरलं आणि किती त्याचं स्वतःचं, कोण सांगणार.

---

रेवतीची_आई

परत येणाऱ्यांत आयडा स्कडर पण आली की. आजोबा जॉन स्कडर १८१९ ला सिलोनला आले, त्यांचे सात मुलगे मिशनरी. या बाईला लहानपणी पाहिलेल्या दुष्काळामुळे इथे अजिबात राहायचं नव्हतं. मग एका रात्रीत तीन घरांतून बोलावणं आलं, बाळंतपण अडलेलं, वडील डॉक्टर पण पुरुष म्हणून चालत नाही, आणि तिघी गेल्या. मग आयडा डॉक्टर होऊन १९०० ला वेल्लोरला आली. तिच्या बाबतीत मात्र पाचारण बापाचं नव्हे, तिचंच म्हणावं लागेल.

---

कंपाउंडवाली

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. पाळकाचं पोरगं, खिळ्याची कमिटी आमच्याकडे पण होती!

तुमच्या मम्मीचा उल्लेख वाचून एक लिहायचं राहिलं ते लिहिते. पगार पाळकाला मिळतो. पाळकीणबाईंना मिळत नाही. पण महिला मंडळ तिने चालवायचं, संडे स्कूल तिने, लग्न जमवणं, मोडलेलं सांधणं, रात्री अपरात्री सासरहून निघून आलेल्या मुलीला घरात घेणं हेही तिनेच. माझ्या आईने हे आयुष्यभर केलं आणि निवृत्त फक्त वडील झाले, शाल-नारळ त्यांना. आईला एक पुष्पगुच्छ.

तर काल रात्री तिला हा अख्खा धागा वाचून दाखवला. मला वाटलं डोळे पुसेल. ती टिळकांच्या बाईंच्या भागाला हसली, पीटरच्या भागाला गप्प झाली, आणि मग मलाच झापलं. म्हणे शीर्षक कुणी दिलंस हे? पाचारण एकाला म्हणजे काय? तुझे वडील मला बघायला आले तेव्हा चहा प्यायच्या आधी विचारलं होतं, पाळकाच्या घरात पडेल ते काम, पैसा नाही, चालेल का. मी दोन दिवस मागून घेतले आणि मग हो म्हणाले. तेव्हा मला काय झालं होतं मग, सर्दी?

मी म्हटलं मग डोरोथीचं? तर म्हणे तिला विचारलं होतं की, ती नाही म्हणाली होती. ऐकलं नाही कुणी. दोन्ही एकात घालू नकोस.

आणि पगाराचं लिही म्हणाली, ते बरोबर आहे. पुष्पगुच्छाचं पण लिही.

---

पाळकाचं_पोरगं

आईंना सलाम सांगा. सर्दीवर फुटलो 😂 शीर्षक बदलणार का?

---

कंपाउंडवाली

संपादकांना विचारलंय, प्रतिसाद आल्यावर बदलता येत नाही म्हणाले. आईला सांगितलं तर म्हणे कमिटी सगळीकडेच असते.

---

टवाळ_आबा

त्यांचं खातं उघडून द्या. तुम्ही बाजूला व्हा, त्यांनाच लिहू दे.